गोल्फचा स्टान्स आणि स्विंग: सरावाची कोणती साधनं कामाची आणि ती कशी वापरायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे: दीड-दोन वर्षं खेळ चालू आहे. ड्रायव्हरने (सर्वांत लांब मारायच्या क्लबने) मारलेला बॉल उजवीकडे वळत जातो. आयर्न (धातूच्या पात्याचा, मधल्या अंतरांचा क्लब) कधी बॉलच्या आधीच जमिनीत घुसतं, कधी बॉलच्या डोक्यावर लागतं. स्टान्स (उभं राहण्याची पद्धत) आणि स्विंग (क्लब फिरवण्याची हालचाल) सुधारण्यासाठी कोणती ट्रेनिंग एड्स घ्यावीत आणि कोणत्या क्रमाने वापरावीत? उत्तर उजव्या हाताने खेळणाऱ्याला धरून देतो. डावखुऱ्यांनी सगळीकडे डावं-उजवं उलटं वाचावं.

आधी थेट उत्तर. दोन अलाइनमेंट स्टिक्स, एक जुना टॉवेल, क्लबच्या फेसवर (बॉलला लागणाऱ्या पृष्ठभागावर) मारायचा कोरडा पावडर स्प्रे आणि फोन उभा करायला ट्रायपॉड, एवढ्यावर पहिले तीन-चार महिने आरामात निघतात. त्यानंतर काही घ्यायचंच असेल तर इम्पॅक्ट बॅग, म्हणजे क्लब आपटून थांबवायची भरलेली पिशवी. बाकीची साधनं वाईट नाहीत, पण प्रत्येक साधन एकाच दोषावर काम करतं. तो दोष तुमच्यात नसेल तर ते साधन तुमच्या चांगल्या सवयीही मोडतं. म्हणून खरेदीच्या आधी निदान करायचं.

निदानासाठी ७ नंबरचं आयर्न आणि २० बॉल घ्या, आणि तेवढेच बॉल ड्रायव्हरने मारा. प्रत्येक फटक्याच्या तीन गोष्टी लिहून ठेवा: बॉल फेसवर कुठे लागला, कोणत्या दिशेने निघाला आणि नंतर कुठे वळला. आयर्नच्या वेळी चौथी गोष्ट म्हणजे जमिनीवरचा ओरखडा कुठे सुरू झाला.

फेसवरची खूण बघायला पावडर स्प्रेचा पातळ थर पुरतो. हातभर अंतरावरून एकदाच फवारायचा, फेसच्या रेषा खालून दिसत राहिल्या पाहिजेत. बॉल लागला की त्या पांढऱ्या थरात एक गोल उमटतो आणि नीट पाहिलं तर त्यात बॉलवरच्या खळग्यांची नक्षीसुद्धा दिसते. तीन-चार फटक्यांनी खुणा एकमेकींत मिसळतात, तेव्हा फेस पुसून पुन्हा फवारायचा. आता खुणांचा पुंजका बघा. सगळ्या खुणा टाचेकडे, म्हणजे शाफ्टच्या (क्लबच्या दांड्याच्या) बाजूला असतील तर तुम्ही बॉलच्या फार जवळ उभे आहात, किंवा डाउनस्विंगमध्ये (क्लब खाली येताना) कंबर बॉलकडे ढकलली जाते आहे. टोकाकडे असतील तर लांब उभे आहात किंवा फटक्याच्या क्षणी हात आखडून घेताय. खुणा फेसभर विखुरलेल्या असतील तर स्विंगचा कोणताही बारीक दोष शोधू नका. तो तोलाचा आणि स्टान्सचा प्रश्न आहे, तिथूनच सुरुवात करा.

बॉल निघतो ती दिशा मुख्यतः फेस ठरवतो. ड्रायव्हरमध्ये सुमारे ८५ टक्के आणि आयर्नमध्ये सुमारे ७५ टक्के वाटा फेसचा, उरलेला क्लबच्या मार्गाचा. बॉल वळतो तो फेस आणि मार्ग यांच्यातल्या फरकामुळे. त्यामुळे ‘स्लाइस’ (बॉल उजवीकडे वळत जाणं) या एकाच नावाखाली किमान तीन वेगळे आजार असतात. बॉल लक्ष्याच्या डावीकडे निघून उजवीकडे वळत असेल तर क्लब बाहेरून आत, म्हणजे लक्ष्यरेषेच्या पलीकडून तुमच्या बाजूला येतोय, मार्ग चुकलाय. बॉल सुरुवातीपासूनच उजवीकडे निघून आणखी उजवीकडे जात असेल तर फेस उघडा, म्हणजे उजवीकडे वळलेला आहे, तेव्हा आधी ग्रिप (क्लब धरायची पद्धत) तपासायची. आणि ड्रायव्हरच्या फेसवर खुणा टाचेकडे असतील तर मार्ग आणि फेस ठीक असूनही बॉल उजवीकडे वळू शकतो, कारण टाचेवर लागलेल्या फटक्याने क्लबहेड फिरतं आणि बॉलला उलट बाजूची फिरकी मिळते. या तिन्हींवर एकच साधन चालवणं म्हणजे ताप, खोकला आणि पोटदुखीवर एकच गोळी देण्यासारखं आहे.

स्टान्स: दोन काठ्यांचं काम

अलाइनमेंट स्टिक म्हणजे सुमारे १२० सेंमी लांबीची, पेन्सिलीएवढ्या जाडीची फायबरग्लासची काठी. दिसायला क्षुल्लक, पण चुकीची मांडली तर हीच काठी स्लाइस शिकवते. म्हणून मांडणी जरा सविस्तर सांगतो.

बॉलच्या मागे चार-पाच पावलं जाऊन लक्ष्याकडे तोंड करून उभे राहा. बॉल आणि लक्ष्य यांना जोडणाऱ्या रेषेवर, बॉलपासून साधारण एक मीटर पुढे एखादं पान, गवताचा ठिपका, जुना डिव्हट (क्लबने उखडलेल्या गवताची जागा) असं काहीतरी निवडा. पहिली काठी बॉलच्या पलीकडे ८-१० सेंमीवर, या रेषेला समांतर ठेवा. पुन्हा मागे जाऊन पाहा. बहुतेकांची काठी पहिल्या वेळी उजवीकडे गेलेली असते. ती दुरुस्त करा आणि मगच दुसरी काठी पायांच्या बाजूला, पहिलीला समांतर ठेवा. समांतर आहे का हे डोळ्याने ठरवू नका. क्लब आडवा धरून दोन्ही टोकांना अंतर मोजा, ते सारखं यायला हवं.

सर्वांत जास्त होणारी चूक इथेच होते: पायांची काठी थेट झेंड्याकडे रोखली जाते. रेल्वेचे रूळ आठवा. एका रुळावर बॉल आणि लक्ष्य, दुसऱ्यावर तुमचे पाय. दोन रुळांमधलं अंतर इथे पाऊण मीटर असेल तर १५० मीटरवरही ते पाऊण मीटरच असतं. म्हणजे पायांची रेषा झेंड्याच्या किंचित डावीकडे, त्याला समांतर जायला हवी. पाय झेंड्याकडे रोखले की शरीर प्रत्यक्षात उजवीकडे वळलेलं असतं. डोळ्यांना लक्ष्य डावीकडे दिसतं आणि डाउनस्विंगमध्ये खांदे आपोआप तिकडे ओढले जातात. क्लब बाहेरून आत येतो. कित्येकांचा ‘स्विंगचा दोष’ हा मुळात उभं राहण्याचा दोष असतो. स्विंग बिचारा तो निस्तरत असतो.

पाय बरोबर असले तरी खांदे उघडे, म्हणजे लक्ष्याच्या डावीकडे वळलेले राहू शकतात, विशेषतः बॉल फार पुढे, म्हणजे डाव्या पायाकडे असेल तेव्हा. उजवा हात ग्रिपवर खाली असतो, तो बॉलपर्यंत पोचवायला उजवा खांदा पुढे येतो. तपासणी सोपी आहे: स्टान्स घ्या, एक काठी दोन्ही खांद्यांवर आडवी टेकवा आणि ती जमिनीवरच्या काठीला समांतर आहे का बघा. तसंच मांड्यांवर टेकवून कमरेची दिशा बघा. आणखी एक बारकावा: डावा पाय २०-२५ अंश बाहेर वळवला की त्याचा अंगठा रेषेपासून किंचित मागे सरकतो, त्यामुळे अंगठ्यांवरून पाहिलं तर स्टान्स उघडा वाटतो आणि लोक नसलेली चूक दुरुस्त करत बसतात. पायांची दिशा टाचांवरून मोजा.

बॉलची जागा ठरवायला एक काठी, किंवा क्लबसुद्धा चालेल, दोन काठ्यांना काटकोनात बॉलपासून दोन पायांमध्ये यावी अशी ठेवा. वेजसाठी (जवळच्या उंच फटक्यांच्या, जास्त तिरक्या फेसच्या क्लबसाठी) बॉल स्टान्सच्या मध्यावर, ७ नंबरच्या आयर्नसाठी मध्यापासून एक-दोन बॉल डावीकडे, ड्रायव्हरसाठी डाव्या टाचेच्या आतल्या कडेसमोर. दोन्ही पाय आधी काठ्यांना काटकोनात ठेवून जागा मोजा आणि मग पावलं बाहेर वळवा. आधीच वळवलेल्या पायावरून मोजलं तर बॉल आहे त्यापेक्षा मागे वाटतो आणि हळूहळू पुढे सरकत जातो. आयर्न बॉलच्या आधी जमिनीत बसण्यामागे हे कारण निघालं तर स्विंगला हातही लावावा लागत नाही.

स्टान्सची रुंदी ७ नंबरच्या आयर्नसाठी खांद्यांएवढी, टाचांच्या आतल्या कडा मोजून. ड्रायव्हरसाठी त्याहून चार-पाच सेंमी जास्त. पावलांच्या खुणा छापलेल्या तयार स्टान्स मॅट मिळतात. त्या सरासरी उंचीच्या माणसासाठी छापलेल्या असतात, तेव्हा त्यावर स्वतःच्या मापाने चिकटपट्टी लावून घ्या आणि छापील खुणा विसरा.

पाठीचा बाकही याच काठीने बसवता येतो. काठी पाठीमागे उभी धरा: एक हात मानेमागे, दुसरा कमरेच्या खाली. काठी तीन ठिकाणी टेकली पाहिजे: डोक्याची मागची बाजू, दोन खवाट्यांच्या मधली जागा आणि माकडहाड. हे तिन्ही स्पर्श न सोडता खुब्यातून वाका, नितंब मागे जाऊ द्या आणि मग गुडघ्यांचा ताठरपणा जाईल एवढेच ते सैल करा. क्रम महत्त्वाचा आहे. गुडघे आधी वाकवले तर छाती उभीच राहते आणि माणूस खुर्चीत बसल्यासारखा दिसतो. वाकताना काठी माकडहाडावरून सुटली तर पाठ कुबडासारखी गोल होते आहे. उलट कमरेच्या खळग्यात काठीमागे अख्खा तळहात शिरत असेल तर पाठ जास्त पोकळ झाली आहे, आणि याने कमरेचं दुखणं ओढवतं. जमलं की काठी बाजूला ठेवा आणि हात खांद्यांखाली सरळ लोंबू द्या. आयर्न हातात असताना ग्रिपचं टोक आणि मांडी यांच्यात एक वीत अंतर फार होतं, चार बोटं कमी पडतात. त्याच्या मधे कुठेतरी तुमची जागा आहे.

तोलासाठी हवेच्या गाद्या, फोमचे तुकडे, डुगडुगत्या फळ्या मिळतात. वजन पावलाच्या मध्यावर, बुटाच्या नाडीखाली आहे का एवढंच त्या सांगतात. उभं राहून दोन्ही टाचा आणि मग दोन्ही चवडे न झुकता किंचित उचलता आले तर तेच उत्तर फुकट मिळतं. फळीवर उभं राहून पूर्ण ताकदीचा स्विंग मात्र कधीच करू नये, गुडघा मुरगळतो.

बॉल आधी की जमीन आधी

आयर्नचा बॉल जाड (आधी जमीन लागून) किंवा पातळ (बॉलच्या डोक्यावर) लागतो तेव्हा प्रश्न एकच असतो: स्विंगच्या कमानीचा सर्वांत खालचा बिंदू कुठे आहे? चांगल्या आयर्न फटक्यात तो बॉलच्या काही सेंमी पुढे असतो. आधी बॉल, मग जमीन.

यासाठी टॉवेल. गवतावर बॉलच्या मागे, म्हणजे लक्ष्याच्या विरुद्ध बाजूला, टॉवेलची पट्टी आडवी पसरा. सुरुवात १५ सेंमीवरून करा, सलग आठ-दहा फटके टॉवेलला न लागता गेले की १० सेंमीवर आणा. टॉवेल पातळ हवा, एकच घडी. कारण गणिताचं आहे. ७ नंबरचं आयर्न सुमारे ४ अंश खाली उतरत बॉलवर आलं, तर बॉलच्या १० सेंमी मागे ते जमिनीपासून जेमतेम एक सेंमी वर असतं. जाड घडीचा टॉवेल चांगल्या फटक्यालाही लागणार. मग खेळाडू तो चुकवायला क्लब उभा आपटायला शिकतो, आणि हा नवा दोष मूळ दोषापेक्षा चिवट असतो. टॉवेलऐवजी लाकडाची फळी किंवा दुसरं काही कडक ठेवू नका, मनगटाला झटका बसतो.

मॅटवर सराव करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं की मॅट खोटं बोलते. क्लब बॉलच्या पाच सेंमी मागे लागला तरी तो घसरत पुढे जातो आणि बॉल बरा उडतो. तोच फटका गवतावर निम्म्या अंतरावर पडतो. म्हणून आठवड्यातून एकदा तरी गवतावर किंवा वाळूत रेघ मारून, बॉल न ठेवता दहा स्विंग करा. ओरखडा रेघेवर किंवा तिच्या पुढे सुरू व्हायला हवा. दहापैकी सात वेळा झाला तर पुरेसं आहे.

खालचा बिंदू मागे राहतो तो दोन कारणांनी: वजन उजव्या पायावरच राहतं, किंवा मनगटं वरूनच सुटतात आणि क्लबहेड हातांच्या पुढे धावतं. दोन्हींवर एकच साधन चांगलं चालतं, ते म्हणजे इम्पॅक्ट बॅग. जाड कापडाची पिशवी, आत जुने टॉवेल किंवा कपडे. ती गच्च भरा, कारण सैल पिशवी फटक्यासरशी गोल फिरते आणि काहीच सांगत नाही. वाळू कधीही भरू नका. ती दगडासारखी बसते आणि झटका थेट कोपरात जातो.

बॅग डाव्या टाचेच्या समोर, म्हणजे बॉलच्या नेहमीच्या जागेच्या किंचित पुढे ठेवा. जुनं आयर्न घ्या, ड्रायव्हर नको. हात कमरेपर्यंतच मागे न्या आणि निम्म्या वेगाने क्लब बॅगवर आणून तिथेच थांबा. तीन सेकंद हलू नका. आता खाली बघा. हात क्लबहेडच्या पुढे, डाव्या मांडीसमोर आहेत का? डाव्या मनगटाची पाठ सपाट आहे की मागे मोडली आहे? उजवी टाच जमिनीपासून सुटायला लागली आहे का, म्हणजे बहुतेक भार डाव्या पायावर आलाय का? आणि फेस बॅगला कसा टेकलाय? फेस सरळ असेल तर टाच आणि टोक एकदम लागतात आणि एकच भरीव ‘थप्’ ऐकू येतो. फेस उघडा असेल तर टाच आधी लागते, क्लब हातात फिरतो आणि आवाज फुसका येतो. स्लाइस मारणाऱ्याला हा फरक पहिल्या पाच फटक्यांत कळतो. दहा-पंधरा फटके झाले की बॅग बाजूला सारा आणि लगेच तेवढेच खरे बॉल अर्ध्या स्विंगने मारा. बॅग क्लबला थांबवते, त्यामुळे नुसता बॅगवरच सराव केला तर शरीर बॉलनंतर वळायचं विसरतं.

स्लाइस: आधी ग्रिप, मग मार्ग

बॉल उजवीकडेच निघत असेल तर साचेबंद ग्रिप कामाची आहे. बोटांच्या खाचा असलेली ही रबरी ग्रिप जुन्या क्लबवर बसवतात. डाव्या हाताची दोन ते तीन बोटांची पेरं वरून दिसली पाहिजेत, डावा अंगठा शाफ्टच्या मध्यापासून किंचित उजवीकडे, दोन्ही हातांचा अंगठा-तर्जनीचा कोन उजव्या खांद्याच्या दिशेने. रोज दोन-तीन मिनिटं नुसता क्लब धरून सोडायचा, पुन्हा धरायचा. बॉल मारायची गरज नाही. ग्रिप बसवताना मात्र फेसची खालची कड उभ्या रेषेत ठेवून बसवा. ती काही अंशांनी फिरली तर साधन तेवढीच चूक रोज पक्की करत राहील. तयार बसवलेला क्लब घेतलात तरी हे तपासा. ही ग्रिप फेरीत चालत नाही, कारण नियमानुसार पटर (होलजवळ बॉल घरंगळवायचा क्लब) सोडून बाकी क्लबची ग्रिप गोल असावी लागते. फार तर लांबीभर एक सरळ, किंचित उठावाची कड चालते.

बॉल डावीकडे निघून उजवीकडे वळत असेल तर मार्गासाठी अडथळा लावायचा. एखादं मऊ हेडकव्हर (क्लबच्या डोक्यावर घालायचं आवरण) किंवा फोमची नळी बॉलच्या १५ सेंमी मागे आणि क्लबच्या टोकापासून ५ सेंमी बाहेर ठेवा. क्लब बाहेरून आला तर तो त्यावर आपटतो. अडथळा मऊच हवा. खोकं किंवा विटेसारखी वस्तू ठेवू नका. आधी बॉलशिवाय दहा स्विंग, मग तीन-चतुर्थांश वेगाने बॉल. पहिल्या दिवशी बॉल उजवीकडे सरळ निघून जाईल, त्याने घाबरू नका. मार्ग बदललाय आणि फेसला अजून त्याची सवय नाही. पण तो उजवीकडे निघून आणखी उजवीकडे वळायला लागला तर थांबा आणि ग्रिपकडे परत जा. उघडा फेस तसाच ठेवून मार्ग बदलला तर स्लाइस कमी होत नाही, फक्त आणखी उजवीकडून सुरू होतो.

जमिनीत तिरपी काठी रोवून तिच्याखालून क्लब नेण्याचा सराव बऱ्याच ठिकाणी दिसतो. फायदा आहे, पण धोका जास्त आहे. काठीचं टोक डोळ्यांच्या उंचीला येतं, आणि क्लब लागला तर फायबरग्लासच्या कुसळासारख्या चिरफळ्या उडतात. करायचंच असेल तर काठीवर फोमची नळी पूर्ण चढवा आणि टोकाला टोपी लावा.

शरीर जागेवर ठेवणारी साधनं

बॅकस्विंगमध्ये (क्लब मागे-वर नेताना) कंबर उजवीकडे सरकत असेल तर उजव्या खुब्याच्या बाहेर २-३ सेंमीवर उभी काठी, तीही फोम चढवलेली. कंबर वळली तर ती काठीपासून दूर जाते, सरकली तर काठीला टेकते. डाउनस्विंगमध्ये कंबर बॉलकडे ढकलली जात असेल (फेसवर टाचेकडच्या खुणा आठवा) तर मागे भिंत किंवा जड खुर्ची, स्टान्समध्ये नितंब हलकेच टेकलेले. बॅकस्विंगला उजवा नितंब, फटक्याच्या वेळी डावा नितंब टेकलेला राहिला पाहिजे. भिंतीला रेलू नका, वजन टाचांवर जातं. भिंतीजवळ क्लब न घेता, हात छातीवर बांधून हा सराव करणं उत्तम. दोन आठवड्यांतही डावा नितंब टेकत नसेल तर खुब्याचा आणि घोट्याचा ताठरपणा तपासा. टाचा न उचलता पूर्ण उकिडवं बसता येत नसेल तर आधी शरीर सैल करावं लागेल, साधन तिथे काही करू शकत नाही.

हात आणि छाती एकत्र फिरावेत म्हणून काखेत टॉवेल धरतात. फिजीचे गोल्फपटू विजय सिंग यांच्या सरावामुळे ही पद्धत फार लोकप्रिय झाली. ती ९ नंबरच्या आयर्नने किंवा वेजने, कमरेपासून कमरेपर्यंतच्या स्विंगसाठी आहे. पूर्ण स्विंगमध्ये टॉवेल दोन्ही काखांत दाबून धरला तर उजवं कोपर बरगडीला चिकटतं आणि कमान आखूड होते. तेव्हा पूर्ण फटक्यात टॉवेल पडला तर पडू द्या. दोन हातांच्या मधे धरायचा हवेचा बॉल हेच काम जरा सौम्यपणे करतो.

लय आणि वेग

चांगल्या खेळाडूंच्या स्विंगमध्ये मागे जायला लागणारा वेळ आणि खाली यायला लागणारा वेळ यांचं प्रमाण साधारण ३ ला १ असतं. मागे ०.८ सेकंद, तर खाली सुमारे ०.२७ सेकंद. फोनवरचा मेट्रोनोम मिनिटाला २२५ ठोक्यांवर लावा: तीन ठोके वर, चौथ्या ठोक्याला बॉल. हे लक्षात घेतलं की ‘हळू मार’ हा सल्ला किती अर्धवट आहे ते कळतं. बॅकस्विंग रेंगाळला तरी प्रमाण बिघडतंच.

लवचीक शाफ्ट आणि टोकाला जड गोळा असलेली साधनं, उदाहरणार्थ ऑरेंज व्हिप, याच कामासाठी आहेत. वरून झटका दिला की शाफ्ट वाकतो, गोळा मागे राहतो आणि तोल जातो. सुधारणा सांगावी लागत नाही, शरीर स्वतः करतं. फटके सुरू करण्याआधी पाच मिनिटं, न थांबता पुढे-मागे झुलवायचं. पाठ दुखत असेल तर हे साधन नकोच. मधे बिजागरी असलेला क्लबही झटका पकडतो, पण त्यात एक खोट आहे. बिजागरी मोडू नये म्हणून लोक सगळाच स्विंग मंद करतात. परीक्षा पास होते, पण खऱ्या वेगात तोच झटका परत येतो. म्हणून त्याने अर्ध्या स्विंगपलीकडे जाऊ नये.

वेग वाढवणाऱ्या तीन दांड्यांचे संच मिळतात. सुपरस्पीडच्या मूळ संचात दोन दांडे ड्रायव्हरपेक्षा २० आणि १० टक्के हलके आणि एक ५ टक्के जड असतो. ते काम करतात, पण खुणांचा पुंजका फेसच्या मध्यावर आल्यानंतरच. अंग चांगलं गरम करून, एक दिवसाआड. त्याआधी वापरले तर स्लाइस फक्त जास्त लांब जातो.

कॅमेरा

फोन चुकीच्या जागी असेल तर बरोबर स्विंगही चुकीचा दिसतो. मागून, म्हणजे लक्ष्याच्या विरुद्ध बाजूने चित्रण करताना फोन हातांच्या उंचीला आणि हातांच्याच रेषेत, लक्ष्यरेषेला समांतर ठेवा, इथेही जमिनीवरची काठी मदतीला येते. फोन बॉलच्या रेषेत किंवा त्याच्याही बाहेर गेला तर क्लब आहे त्यापेक्षा आतून येताना दिसतो. समोरून घेताना फोन छातीच्या उंचीला, छातीच्या मध्यासमोर. सेकंदाला २४० फ्रेमचं स्लो मोशन पुरतं. बॉल आणि फेस फक्त अर्धा मिलिसेकंद एकमेकांना लागलेले असतात, तेव्हा नेमका तो क्षण कॅमेऱ्यात शोधू नका, त्याच्या आधीची आणि नंतरची फ्रेम बघा. आरसा स्टान्ससाठी छान आहे. चालू स्विंगमध्ये आरशात बघितलं की मान वळते आणि जे तपासायचं तेच बिघडतं.

किती वेळ साधनासह, किती वेळ त्याच्याशिवाय

साधन लावलेलं असताना फटका चांगला बसणं म्हणजे शिकणं नव्हे. सतत मिळणाऱ्या मार्गदर्शनावर शरीर विसंबून राहतं आणि ते काढताच कामगिरी घसरते. हालचाल शिकण्याच्या अभ्यासात साल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर यांनी १९८४ मध्ये हे मांडलं. गॅब्रिएल वुल्फ यांच्या संशोधनातली दुसरी गोष्टही कामाची आहे: लक्ष कोपरा-मनगटाकडे देण्यापेक्षा क्लबकडे, टॉवेलकडे, रेघेकडे, म्हणजे शरीराबाहेर दिलं तर फटका सुधारतो. चांगलं साधन हेच करून देतं.

म्हणून पहिल्या आठवड्यात तीन बॉल साधनासह, दोन त्याच्याशिवाय. दुसऱ्या आठवड्यात दोन आणि तीन. तिसऱ्यात एक आणि चार. ६० बॉलच्या सत्रात शेवटचे २० साधनाशिवाय, दर फटक्याला वेगळं लक्ष्य आणि वेगळा क्लब घेऊन. जमिनीवरच्या दोन काठ्यांनाही हे लागू आहे. त्या कायम समोर असल्या तर मैदानावर दिशा धरताच येत नाही. एका वेळी एकच दोष, एकच साधन. दर दोन आठवड्यांनी पावडर स्प्रे घेऊन तेच २० बॉल पुन्हा मारा आणि पहिल्या नोंदींशी ताडून बघा. पुंजका हलला नसेल तर साधन नाही, निदान चुकलंय. मनगट किंवा कोपर दुखायला लागलं तर सगळं थांबवा.

शेवटी नियम, कारण यात बरेच जण नकळत सापडतात. फेरी चालू असताना काठ्या बॅगेत असायला हरकत नाही, पण काठी घेऊन किंवा क्लबवर वजनाची कडी चढवून सरावाचा स्विंग केला तर नियम ४.३ चा भंग होतो. पहिल्या वेळी स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजतात तिथे) दोन फटके दंड, मॅच प्लेमध्ये (होलगणिक हार-जीत ठरते तिथे) ते होल गेलं. दुसऱ्या वेळी थेट बाद. नुसतं अंग ताणायला काठी वापरलेली चालते. दिशा दाखवायला जमिनीवर क्लब किंवा दुसरं काही ठेवून स्टान्स घेतला तर नियम १०.२ नुसार दंड होतो, आणि मारण्याआधी मागे हटून ती वस्तू उचलली तरी तो टळत नाही. फेसवरचा पावडरचा थरही पहिल्या टीवर जाण्याआधी ओल्या टॉवेलने पुसून टाका. फटक्यावर परिणाम व्हावा म्हणून फेसला काही लावणं नियम ४.१ मध्ये बसत नाही.